नेटलोगोचं ‘वुल्फ शीप प्रिडेशन’: लांडगे, मेंढ्या आणि ऊर्जेचा हिशोब

गवत, मेंढी, लांडगा. मध्ये दोन बाण काढले की अन्नसाखळी शिकवून झाली, असं समजलं जातं. पण कोण कोणाला खातो एवढंच तो बाण सांगतो. या कुरणावर मेंढ्या दोनशेच का, दोन हजार का नाहीत, आणि लांडगे पन्नासावर का अडकतात, याचं उत्तर बाणात नसतं. ते मिळतं ऊर्जेच्या जमाखर्चात. हा जमाखर्च डोळ्यांसमोर घडताना दाखवणारं फुकट साधन हवं असेल, तर नेटलोगोमधल्या ‘वुल्फ शीप प्रिडेशन’ या मॉडेलइतकं स्वच्छ दुसरं क्वचितच सापडेल. मात्र उघडल्या उघडल्या त्यात जे आकडे भरलेले असतात, ते ऊर्जेच्या मनोऱ्याचं, म्हणजे अन्नसाखळीत वर जाताना पायरीगणिक घटत जाणाऱ्या ऊर्जेचं, चुकीचं चित्र उभं करतात. ते दुरुस्त करता येतं, आणि दुरुस्त करूनच ते वापरावं.

नेटलोगो हे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलेलं, संगणकावर सिम्युलेशन चालवण्याचं, मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर. हे मॉडेल त्याहून थोडं जुनं, १९९७ चं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. काही उतरवून घ्यायचं नसेल तर ब्राउझरमध्येही चालतं. फाइल मेन्यूतल्या मॉडेल्स लायब्ररीत सॅम्पल मॉडेल्स, त्यात बायॉलॉजी, आणि तिथे हे नाव. ‘सेटअप’ दाबलं की कुरण मांडलं जातं, ‘गो’ दाबलं की चालू होतं. वरच्या टॅबांपैकी ‘इन्फो’मध्ये मॉडेलची माहिती आणि ‘कोड’मध्ये सगळे नियम उघडे असतात. हा कोड पान-दोन पानांचा आहे. वाचायला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही, नेट लावून वाचला की समजतो. मोठ्या, चकचकीत सिम्युलेशनांच्या तुलनेत याची खरी ताकद इथेच आहे: आत काय चाललंय ते लपवलेलं नाही.

सुरुवातीलाच ‘मॉडेल-व्हर्जन’ नावाची निवड येते. एक प्रकार फक्त मेंढ्या-लांडग्यांचा, दुसरा मेंढ्या-लांडगे-गवत असा. पहिल्या प्रकारात मेंढ्यांना खायला लागतच नाही, त्यांच्या ऊर्जेचा हिशोबच ठेवलेला नाही. परिणाम ठरलेला. एकतर लांडगे सगळ्या मेंढ्या संपवतात आणि मग स्वतः उपाशी मरतात, किंवा लांडगे आधी संपतात आणि मेंढ्या बेसुमार वाढत जातात. इतक्या की डेस्कटॉपवर ३०,००० आणि ब्राउझरमध्ये १०,००० च्या वर गेल्या की मॉडेल स्वतःच थांबतं. लोटका आणि व्होल्टेरा यांच्या १९२५-२६ च्या भक्षक-भक्ष्य समीकरणांत दोन्ही प्रजाती कायम वर-खाली होत राहतात, कारण समीकरणाला ०.०१ लांडगाही चालतो. इथे लांडगा असतो किंवा नसतो. शेवटचा मेला की मेला. हा प्रकार दोन-तीनदा चालवून बघावा आणि सोडून द्यावा. पाया नसलेली साखळी टिकत नाही, एवढं दाखवण्यापुरता तो पुरेसा आहे.

खरा ऐवज गवत असलेल्या प्रकारात आहे. कुरण ५१ गुणिले ५१, म्हणजे २,६०१ चौकटींचं. कडेला गेलेला प्राणी पलीकडच्या कडेने आत येतो, त्यामुळे कोपऱ्यात अडकणं नाही. सुरुवातीला साधारण अर्ध्या चौकटी हिरव्या असतात. दर टिकला, म्हणजे मॉडेलमधल्या घड्याळाच्या एका ठोक्याला, प्रत्येक प्राणी एक पाऊल टाकतो आणि एक एकक ऊर्जा खर्चतो. मेंढी हिरव्या चौकटीवर असली तर गवत खाते, तिला ४ एककं मिळतात आणि चौकट तपकिरी होते. ती पुन्हा हिरवी व्हायला ३० टिक लागतात. लांडग्याच्या चौकटीत मेंढी सापडली तर ती मरते आणि लांडग्याला २० एककं मिळतात. ऊर्जा शून्याच्या खाली गेली की मरण. पिल्लू होण्याची शक्यता मेंढीला दर टिकला ४ टक्के, लांडग्याला ५ टक्के, आणि पिल्लू झालं की आईची ऊर्जा दोघांत निम्मी-निम्मी वाटली जाते.

हे सगळं एकदा जवळून बघावं. ‘शो-एनर्जी’ चालू करा, वेगाची पट्टी डावीकडे ओढून गती अगदी कमी करा, आणि एका लांडग्यावर राइट-क्लिक करून ‘वॉच’ निवडा. त्याच्याभोवती प्रकाशाचं कडं येतं. अंगावर १४ लिहिलेलं. १३. १२. शेजारच्या चौकटीत मेंढी आहे, पण लांडगा वळला दुसरीकडे, कारण त्याला वास नाही, नजर नाही, चाल पूर्णपणे यदृच्छेची. ११. मग एका चौकटीत दोघं एकत्र येतात आणि आकडा एकदम ३० होतो. थोड्या वेळाने तोच अचानक निम्मा होतो आणि शेजारी तेवढ्याच आकड्याचा दुसरा लांडगा उभा असतो. पिल्लू जन्माला आलं, पण कुरणातली एकूण ऊर्जा तसूभरही वाढली नाही, ही गोष्ट वर्गात दहा वेळा सांगून जेवढी पटत नाही तेवढी या एका निम्म्या झालेल्या आकड्याने पटते.

आता कागद-पेन्सिल घ्यावी. या मॉडेलची गोडी तिथे सुरू होते.

लांडगे शून्यावर ठेवले तर कुरण किती मेंढ्या पोसेल? मेंढी दर टिकला १ एकक खर्चते आणि एका घासाला ४ मिळवते. म्हणजे संख्या स्थिर राहायची तर तिला सरासरी चार टिकांत एक घास मिळायला हवा, म्हणजे कुरणाचा पाव भाग हिरवा हवा. उरलेल्या पाऊण भागात, साधारण १,९५० चौकटींत, गवत परत येतंय. ३० टिकांच्या हिशोबाने दर टिकला ६५ चौकटी. गुणिले ४, म्हणजे २६० एककं. तेवढ्याच मेंढ्या. कुरणाची धारणक्षमता ही अशी गवताच्या वाढीतून निघते, मेंढ्यांच्या जननदरातून नाही. ‘शीप-रिप्रोड्यूस’ ४ वरून ८ केलं तरी हा आकडा हलत नाही, फक्त उपासमारीने मरणाऱ्यांची संख्या वाढते.

लांडगे आत सोडले की चित्र उलटतं. लांडग्याला २० टिकांत एक मेंढी हवी, म्हणजे कोणत्याही टिकला त्याच्या चौकटीत मेंढी सापडण्याची शक्यता ५ टक्के हवी. २,६०१ चौकटींत मेंढ्या विखुरलेल्या धरल्या तर ही शक्यता सुमारे १३३ मेंढ्यांना जुळते. म्हणजे मेंढ्यांची सरासरी संख्या लांडग्याच्या गरजेने ठरली, गवताने नाही. आणि लांडगे किती? १३३ मेंढ्यांना ४ टक्क्यांनी दर टिकला ५.३ पिल्लं. सगळीच्या सगळी लांडग्यांच्या वाट्याला गेली तर २० च्या हिशोबाने १०६ लांडगे, ही कमाल मर्यादा. पडद्यावरचे आकडे यांच्याभोवती हेलकावे घेतात, नेमके जुळत नाहीत, कारण पिल्लं आईशेजारीच जन्मतात आणि कळप ठिकठिकाणी गोळा होतात, तर कागदावर ते सगळीकडे सारखे पसरलेले धरले आहेत. दिशा मात्र चुकत नाही.

म्हणूनच काही प्रयोगांचे निकाल पहिल्यांदा उलटे वाटतात. गवत लवकर वाढू दिलं तर मेंढ्या वाढतील असं कोणीही म्हणेल. ‘ग्रास-रीग्रोथ-टाइम’ ३० वरून २० करा: मेंढ्यांची सरासरी फारशी हलत नाही, वाढतात ते लांडगे. खालची जादा ऊर्जा मधल्या पायरीवर न थांबता वर निघून जाते. ‘शीप-रिप्रोड्यूस’ ४ वरून ५ केलं तरी तेच. ‘वुल्फ-गेन-फ्रॉम-फूड’ २० वरून २५ केलं तर कागदावर मेंढ्या १०६ वर उतरतात. आणि ‘वुल्फ-रिप्रोड्यूस’ वाढवलं तर लांडग्यांची सरासरी वाढत नाही, फक्त उपाशी मरणारी पिल्लं वाढतात आणि हेलकावे मोठे होतात. लांडग्यांची संख्या त्यांच्या वेतांवर नाही, त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या ऊर्जेवर ठरते. लांडगे संपण्याचा धोका मोठ्या हेलकाव्यांतच असतो. खालून फार जास्त अन्न ओतलं तर चढ-उतार इतके वाढतात की भक्षकच नाहीसा होऊ शकतो, हे पर्यावरणशास्त्रज्ञ रोझेनझ्वाइग यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं.

इथपर्यंत या मॉडेलला पैकीच्या पैकी गुण. आता दोष.

सर्वांत मोठा दोष ऊर्जेच्या मनोऱ्याचा. वरच्याच आकड्यांत मेंढ्या दर टिकला साधारण २१० एककं गवत खातात आणि लांडग्यांपर्यंत त्यातली जास्तीत जास्त १०६ पोचतात. म्हणजे जवळजवळ निम्मी. निसर्गात एका पोषणपातळीवरून दुसरीवर साधारण १० टक्के, सहसा ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान ऊर्जा जाते. बाकीची श्वसनात उष्णता होऊन, शेणातून, न खाल्लेल्या हाडा-कातड्यांतून निघून जाते. सस्तन प्राणी तर पचवलेल्या ऊर्जेतली जेमतेम १ ते ३ टक्के स्वतःच्या वाढीत आणि पिल्लांत घालतात, बाकी शरीर गरम ठेवण्यात आणि चालवण्यात खर्च होते. १३३ मेंढ्यांवर शंभरच्या घरात लांडगे, हे चित्र घेऊन विद्यार्थी बाहेर पडला तर त्याचा गैरसमज होणारच. प्रत्यक्षात १०,००० किलो भक्ष्यावर साधारण ९० किलो मांसाहारी जगतात.

दुसरा दोष नियमातच आहे. मेंढीच्या अंगात २ एककं असोत की ४०, लांडग्याला २०च मिळतात. मरायला टेकलेली मेंढी खाल्ली तर १८ एककं हवेतून आली, धष्टपुष्ट खाल्ली तर २० हवेत गेली. ऊर्जेचा धडा शिकवणाऱ्या मॉडेलमध्ये ऊर्जा अशी निर्माण होणं किंवा नाहीशी होणं खटकतं.

तिसरा: पोट भरणं नाही. लांडगा एका टिकला खाऊन पुढच्याच टिकला पुन्हा मारू शकतो. खऱ्या भक्षकाला शिकार पकडायला, खायला, पचवायला वेळ लागतो, त्यामुळे भक्ष्य कितीही वाढलं तरी त्याचा मारण्याचा वेग एका मर्यादेवर सपाट होतो. पर्यावरणशास्त्रज्ञ हॉलिंग यांनी १९५९ मध्ये दाखवलेली ही गोष्ट इथे नाहीच. चौथा दोष लहान पण महत्त्वाचा: जननदर अन्नावर अवलंबून नाही. अर्ध्या एककावर आलेली मेंढीही ४ टक्के शक्यतेने विते, आणि पुढच्या टिकला गवत न मिळाल्यास आई-पिल्लू दोघं मरतात. निसर्गात उपाशी मादी सहसा आधी प्रजनन थांबवते.

रोग, वय, हिवाळा, लपायच्या जागा यांपैकी काही नाही, हा दोष म्हणून मोजणं अन्याय होईल. साधेपणासाठी ते मुद्दाम सोडलेलं आहे. पण निष्कर्ष काढताना लक्षात असावं. अमेरिकेतल्या आयल रोयाल बेटावर लांडगे आणि मूस (मोठी हरणं) यांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे. तिथे १९८० मध्ये ५० असलेले लांडगे १९८२ पर्यंत १४ वर आले. कारण अन्नाचा तुटवडा एवढंच नव्हतं, कुत्र्यांमधून आलेला पार्व्हो विषाणू मोठं कारण होता. या मॉडेलच्या आलेखात रोगाने आलेला असा कडा कधीच दिसणार नाही.

मनोऱ्याचा दोष मात्र कोडला हात न लावता बराच सुधारता येतो. नुसतं ‘वुल्फ-गेन-फ्रॉम-फूड’ कमी करून चालत नाही. गवत ३० वर असताना हा आकडा १० च्या आसपास आणला की लांडग्याला जगायला जेवढ्या दाट मेंढ्या लागतात तेवढ्या कुरण पोसूच शकत नाही, आणि लांडगे संपतात. चार-पाच पायऱ्यांच्या पुढे अन्नसाखळ्या सहसा का लांबत नाहीत, याचं हे छान प्रात्यक्षिक आहे, पण मनोरा दाखवायचा तर पाया रुंद करावा लागतो. ‘ग्रास-रीग्रोथ-टाइम’ १०, ‘वुल्फ-गेन-फ्रॉम-फूड’ ८, सुरुवातीच्या मेंढ्या २५०, लांडगे ५०, बाकी सगळं मूळचं. कागदावर आता मेंढ्या साधारण ३५०, लांडगे जास्तीत जास्त ११०, आणि मेंढ्यांनी खाल्लेल्या ऊर्जेतली वर जाणारी जेमतेम १९ टक्के. आकार लगेच बदलतो. वर्गात दाखवायचं असेल तर आधी मूळचे आकडे, मग हे, असं पाठोपाठ चालवा. फरक सांगावा लागत नाही.

चालवताना हटकून होणाऱ्या चुका सांगायलाच हव्यात. सुरुवातीच्या संख्यांच्या पट्ट्या ‘सेटअप’ पुन्हा दाबेपर्यंत काहीच करत नाहीत. चालू असताना त्या ओढून “फरक पडत नाही” असा निष्कर्ष काढला जातो. आलेखातली गवताची रेघ चारने भागलेली असते, तिन्ही रेघा एका चौकटीत बसाव्यात म्हणून. ती थेट वाचली तर गवत मेंढ्यांइतकंच आहे असं वाटतं. तीन पट्ट्या एकदम हलवू नका, एका वेळी एकच. आणि सर्वांत घातक चूक: एकदाच चालवून बोलणं. यात यदृच्छा भरलेली आहे, त्याच आकड्यांवर एकदा लांडगे टिकतील आणि दुसऱ्यांदा संपतील. टूल्स मेन्यूत ‘बिहेविअरस्पेस’ आहे. त्यात प्रत्येक मांडणी किमान ३० वेळा, प्रत्येकी २,००० टिक चालवायला लावा, पहिले ५०० टिक सोडून द्या, कारण तो सुरुवातीच्या गोंधळाचा काळ असतो, आणि उरलेल्यांची सरासरी काढा. ही सोय ब्राउझरच्या आवृत्तीत नाही, त्यामुळे गंभीरपणे वापरायचं तर डेस्कटॉपची आवृत्तीच घ्यावी. चालवताना ‘व्ह्यू अपडेट्स’ची खूण काढली की गती कितीतरी पट वाढते.

एक मांडणी आवर्जून करून बघण्यासारखी. लांडगे शून्य, मेंढ्या ३०, ‘ग्रास-रीग्रोथ-टाइम’ १००. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडियर सोडले गेले. भक्षक नव्हता, आणि बेटभर शेकडो वर्षं साठलेलं, अतिशय हळू वाढणारं दगडफूल होतं. १९६३ पर्यंत रेनडियर ६,००० झाले. १९६६ मध्ये उरले ४२. मॉडेलमध्येही मेंढ्या आधीच्या साठ्यावर वर चढतात. त्यांना गवताचा साठा दिसतो, वाढीचा वेग दिसत नाही. कागदावरची धारणक्षमता इथे फक्त ७८ आहे. त्या ती ओलांडून जातात आणि मग रेघ कोसळते. पट्टी ओढून वेग कमी करा आणि शिखराच्या आधीचे वीस-तीस टिक बघा: मेंढ्यांची रेघ चढतेच आहे, पण अंगावरचे आकडे मात्र ३, २, १ असे सगळीकडे उतरत आलेले असतात.

ज्यांना कोडला हात लावायची तयारी आहे त्यांनी दोनच बदल करावेत. मेंढी खाण्याच्या भागात मेंढी मरण्याआधी तिची ऊर्जा एका नावाखाली साठवून ठेवायची, आणि ठरावीक २० ऐवजी त्या साठवलेल्या आकड्याचा काही हिस्सा लांडग्याला द्यायचा. क्रम चुकवू नका: मेंढी आधी मेली आणि मग तिची ऊर्जा विचारली, तर नेटलोगो चूक दाखवून थांबतं. दुसरा बदल, पिल्लू होण्याच्या दोन्ही भागांत आईची ऊर्जा एका किमान आकड्याच्या वर असली पाहिजे अशी अट घालायची. मेंढीला ८, लांडग्याला २० पासून सुरू करून बघा. अट लागली की मेंढ्यांचे जन्म पहिल्यांदाच गवताशी बांधले जातात. गवत आटलं की जन्म आपोआप आटतात, आणि ४ टक्के हा आकडा जन्मदर न राहता त्याची वरची मर्यादा होतो. बदल केल्यावर ‘चेक’ दाबून चूक दाखवली जात नाही ना ते बघा, आणि फाइल वेगळ्या नावाने साठवा, म्हणजे मूळ मॉडेलशेजारी ठेवून दोन्हींची तुलना करता येईल.